एमबीएचा प्रोजेक्ट: ४१ फॉर्म आले, त्यातले २९ मित्रांचे. आता काय करू?

उशिराचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. वय ३४, नोकरी सांभाळून एमबीए करतोय, मुक्काम सांगली. शेवटचं सत्र आहे. सात आठवड्यांनी प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायचाय आणि मी पुरता अडकलोय.

विषय आहे 'सांगली शहरातील किराणा दुकानदारांकडून डिजिटल पेमेंटचा स्वीकार: एक अभ्यास'. हा माझा विषय नव्हेच. मला आमच्याच कंपनीच्या डीलरांकडची येणी का थकतात यावर काम करायचं होतं. साहेब तोंडी 'कर की' म्हणाले, सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) मंजूर झाला, आणि आकडे मागायला गेलो तर अकाउंट्सवाल्यांनी कानावर हात ठेवले. मग गाइड सरांनी त्यांच्याजवळच्या यादीतला हा विषय हातात ठेवला. शोधगंगेवरचा एक जुना प्रबंध उघडला, त्यातली प्रश्नावली घेतली, गूगल फॉर्म बनवला. ३२ प्रश्न, सगळे इंग्रजीत. लिंक व्हॉट्सअॅपवर दिसेल त्या ग्रुपात टाकली.

११ दिवसांत ४१ उत्तरं. त्यातले २९ शाळेतले मित्र आणि ऑफिसातली माणसं. एकाने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय, 'दुकान नाही पण तुझ्यासाठी भरला.'

मागच्या बॅचचा एक जण म्हणतो ३८५ फॉर्म लागतातच. दुसरा म्हणतो, रात्रीत बसून स्वतःच भरून टाक, कोण बघतंय. गाइड सर फोन उचलत नाहीत. काय करावं?

झेरॉक्सनगर

फार मनाला लावून घेऊ नका दादा. आमच्या मुंबईत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅकबुक, म्हणजे बांधलेला रिपोर्ट, तयार मिळतं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं सगळं. नाव आणि वर्ष बदलायचं. एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) पहिली दहा पानं चाळतो आणि चहा पितो. नोकरी लावताना ब्लॅकबुक कोण मागतो?

कारकून_क्रमांक_१

@झेरॉक्सनगर, आमच्या वर्गात एकाने हेच केलं. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव, प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव, आणि डिक्लरेशनच्या पानावर सही स्वतःची, खाली छापील नाव कुणा मुलीचं. एक्स्टर्नल बाईंनी चहा वगैरे सगळं घेतलं आणि शांतपणे विचारलं, 'ही कोण?' वर्ष गेलं त्याचं.

खडूफळा

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गाइडच्या बाजूने बोलण्याचा गुन्हा आधी कबूल करतो. माझ्याकडे एका वेळी बावीस-पंचवीस मुलं असतात, तास आणि पेपर तपासणी वेगळी. फोन उचलायला हवा हे मान्य. पण 'सर, प्रोजेक्टबद्दल बोलायचं होतं' असा फोन आला की मीही टाळतो, कारण त्याचा अर्थ काहीही असू शकतो. 'सर, या दोन प्रश्नांपैकी कुठला ठेवू?' असा मेसेज आला तर उत्तर पाच मिनिटांत जातं. तुमच्या सरांना एका पानाचा मजकूर पाठवा आणि शेवटी हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न ठेवा.

रात्रीत फॉर्म भरण्याबद्दल. कोण बघतंय म्हणता, आम्ही बघतो. कागदी फॉर्मांचा गठ्ठा हातात घेतला की कळतं. एकच पेन, टिकमार्कचा एकच उतार, पहिले दहा फॉर्म विचार करून भरलेले आणि पुढे झोप अनावर झालेली. ऑनलाइन असेल तर वेळेचा रकाना असतो. पहाटे २ ते ४ मध्ये साठ किराणा दुकानदार दर दोन मिनिटांनी फॉर्म भरत बसले होते? आणि आकड्यांत तर जास्तच दिसतं. खरी माणसं एकमेकांशी जमत नाहीत. बनावट माणसं फार समजूतदार असतात; प्रत्येक प्रश्नाची सरासरी पाचपैकी चारच्या आसपास, 'पूर्ण असहमत' कुणीच नाही. अशा रिपोर्टातला निष्कर्षही ठरलेला, 'बहुसंख्य उत्तरदाते समाधानी आहेत.'

दुसरं, पानं भरण्याचा मोह आवरा. एका पानावर एक गोल आलेख, पुरुष आणि स्त्री. खाली 'वरील आलेखावरून असे दिसते की पुरुषांचे प्रमाण अधिक आहे'. अशी ३२ पानं मी दरवर्षी वाचतो. माझाही जीव आहे हो.

आकडेमोडे

३८५ हा आकडा देवाने दिलेला नाही, त्याची वंशावळ सांगतो. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ घ्या, त्याचा वर्ग करा, ०.२५ ने गुणा, ०.०५ च्या वर्गाने भागा. ३८४.१६ येतं, म्हणून ३८५. हे कॉक्रनचं सूत्र. एकूण समूह फार मोठा असेल आणि त्यातून यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या टाकल्यासारखा, प्रत्येकाला सारखी संधी देणारा) घेतला असेल तर तुमची टक्केवारी अधिक-उणे ५ च्या आत राहील, एवढंच ते सांगतं.

समूह छोटा असेल तर आकडा खाली येतो. समजा ६०० दुकानं आहेत, तर २३५ पुरतात. १०० घेतली तर चूक साधारण अधिक-उणे १० पर्यंत जाते. 'दहापैकी सहा-सात दुकानदार असं म्हणतात' एवढंच बोलायचं असेल तर तेही चालतं. प्रामाणिकपणे लिहायचं, बस.

पण खरी मेख 'यादृच्छिक' या शब्दात आहे. तुमच्या लिंकवर ३८५ काय, ३८५० मित्रांनी फॉर्म भरला तरी ते सूत्र तुम्हाला लागू होत नाही.

तुम्ही म्हणाल दुकानांची यादी कुठून आणू. पूर्ण यादी मिळणं अवघडच, त्या नादी लागू नका. तीन रस्ते निवडा: एक बाजारपेठेतला, एक मध्यमवर्गीय वस्तीतला, एक शहराच्या कडेचा. पायी चालत सगळी किराणा दुकानं वहीत क्रमाने लिहा. मग दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दुकानात शिरा. मधलं दुकान ओळखीचं आहे म्हणून तिथे घुसायचं नाही, आणि मालक तिरसट दिसतो म्हणून टाळायचंही नाही. नकार मिळाला तर नकार लिहा. याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात, आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात ती अभिमानाने लिहिता येते.

चहाटळ

अवांतर: माझ्या प्रोजेक्टचा विषय होता 'कर्मचाऱ्यांचे मनोबल'. आठ आठवडे त्या कंपनीत मी स्टोअरच्या फायली लावल्या. मनोबल माझंच मोजायला हवं होतं.

पेठेतला

इतका वेळ गप्प वाचत होतो, पण इथे धाग्यात सगळे आहेत आणि दुकानदारच नाही, म्हणून लिहितो. आमचं मिरजेत किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. गल्ल्यावर बाबा बसतात, मी संध्याकाळी मदतीला.

तुमच्यासारखी पोरं वर्षातून दोन-तीनदा येतात. संध्याकाळी साडेसहाला येतात. त्या वेळी दुकानात सात गिऱ्हाइकं, एकाला पाव किलो शेंगदाणे, एकाला रिचार्ज, एक पोरगं पाच रुपयांचं चॉकलेट घेऊन उभं. आणि हे म्हणतात, 'काका, फक्त पाच मिनिटं.' पहिलाच प्रश्न काय, तर महिन्याची उलाढाल किती!

बाबा विचारतात, 'कोण रं तू? जीएसटीचा हाईस का?'

यात गंमत करू नका. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मालाच्या विक्रीला ४० लाखांच्या वर नोंदणी लागते, हे बाबांना पाठ आहे. कर्नाटक इथून काही लांब नाही, बातमी दुसऱ्या दिवशी पेठेत आली. त्यानंतर कुणी फोनवरच्या पैशाबद्दल फॉर्म घेऊन आला तर कोण खरं सांगेल?

दुसरी गोष्ट. असाच एक फॉर्म माझ्या हातात आला होता. एक प्रश्न होता, 'यूपीआय व्यवहारांवर लागणारे शुल्क मला जास्त वाटते: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.' बाबा म्हणाले, 'शुल्क कसलं? त्या बोलत्या डब्याचं भाडं म्हणतोस व्हय?' १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही. तुम्ही जुन्या प्रबंधातली प्रश्नावली उचलली म्हणता, तुमच्यातही हा प्रश्न असणार. बघा.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही सगळे रोख विरुद्ध यूपीआय असं धरून चालता. आमच्या दुकानात यूपीआयचं भांडण रोखीशी नाहीच. ते उधारीशी आहे. लाल कापडी बांधणीची वही आहे आमची, प्रत्येक घराचं एक पान. पूर्वी पगार झाला की माणूस येऊन एकदम हिशोब मिटवायचा. आता तोच माणूस मध्येच कुठूनतरी ३०० टाकतो, कधी बायको २०० टाकते, आणि बाबा चष्मा लावून बसतात की हे कुणाच्या पानावर चढवायचं, कारण फोनवर नाव भलतंच येतं. वहीत बाबांनी वेगळा रकाना आखलाय, 'फोनवर आले'. हे कुणी विचारत नाही.

या बघायला. दुपारी दोन ते चार. त्या वेळी माश्या मारत असतो आम्ही.

उशिराचा_विद्यार्थी

@पेठेतला, प्रश्न क्रमांक १९. शब्दशः तोच. तोंड लपवायला जागा नाही.

पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने काल रात्री झोप उडाली. माझ्या ३२ प्रश्नांत 'उधारी' हा शब्दच नाही. मी वाण्याच्या दुकानातून पंचवीस वर्षं सामान आणतोय, आमच्याही घराचं पान होतं तिथे.

विषय आता बदलता येणार नाही. पण शीर्षक तेच ठेवून उद्देश बदलता येतील का? खडूफळा सर?

खडूफळा

येतील. शीर्षक ही वेस आहे, तिच्या आत घर कुठे बांधायचं ते तुम्ही ठरवा. सिनॉप्सिसमध्ये पाच उद्देश लिहिले असतील, ते दोनावर आणा आणि गाइडकडून लेखी संमती घ्या. एक: उधारीच्या वसुलीसाठी यूपीआय वापरलं जातं का, कसं. दोन: त्याने वहीतल्या हिशोबात काय अडचणी आल्या. 'स्वीकार' यातच येतो.

संदर्भ साहित्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा खड्डा तो आहे. डिजिटल पेमेंटवरचा जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट डेव्हिस यांच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपापासून सुरू होतो: वस्तू उपयोगी वाटते का, सोपी वाटते का. ते वाचा जरूर, पण ते ऑफिसात संगणक वापरणाऱ्यांसाठी रचलेलं आहे. त्यात उधारीची वही बसत नाही, आणि ती का बसत नाही हेच तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं पान. साहित्याचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी म्हटले, तमुक यांनी म्हटले' अशी हजेरी नव्हे.

चॅटजीपीटीकडून संदर्भयादी घेऊ नका. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या यादीतला एक लेख फार उपयोगी वाटला म्हणून मी शोधायला गेलो. मासिक खरं, खंड खरा, त्या पानांवर लेख भलताच. तिलाही ठाऊक नव्हतं बिचारीला.

साम्य-तपासणीची, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते बघण्याची, धास्ती सगळ्यांना असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. गंमत अशी की त्या नियमांच्या व्याख्येतून प्रोजेक्ट रिपोर्ट वगळलेले आहेत. पण महाविद्यालयं तोच १० चा दंडक लावतात, तेव्हा वाद घालू नका. स्वतः दुकानात जाऊन लिहिलेल्या पानाला साम्य येत नाही, ते येतं 'भारतातील डिजिटल पेमेंटचा इतिहास' या प्रकरणात. ते दोन पानांत आटपा.

लेस्टरची_वाट

मी इंग्लंडमध्ये एमएस्सी मॅनेजमेंट केलं, मूळची साताऱ्याची. तिकडे उलटी तऱ्हा. नैतिक मंजुरीचा अर्ज पास होईपर्यंत एका माणसाशीही बोलायला मनाई. मुलाखत देणाऱ्याला माहितीपत्रक, सहीचं संमतीपत्र, माहिती कुठे साठवणार, कधी पुसणार. मला तेव्हा वैताग आला होता. पण ते पत्रक हातात ठेवलं की समोरचा माणूस सैल होतो, हे नंतर कळलं. तुम्हीही अर्ध्या पानाचं मराठी पत्र करा: मी कोण, कुठे शिकतो, दुकानाचं नाव कुठेही येणार नाही, उलाढाल विचारणार नाही. पेठेतल्यांच्या बाबांना तेच हवंय.

आणि सगळं आकड्यांतच करायला हवं असं नाही. माझ्या आख्ख्या प्रबंधात फक्त नऊ मुलाखती होत्या. पाच-सहा दुकानदारांशी निवांत बोला, वही बघा, आणि मग प्रश्नावली बनवा. एक इशारा मात्र देते, रेकॉर्डिंग उतरवायला भयंकर वेळ जातो. माझ्या एका तासाच्या मुलाखतीला पाच तास लागत, आणि माझी माणसं तर एका वेळी एकच भाषा बोलत होती.

मनुष्यबळ_ताई

धागाकर्त्याच्या पहिल्या फसलेल्या विषयाबद्दल बोलते, कारण ही चूक सगळेच करतात. मी कारखान्यात एचआर बघते. विद्यार्थी येतो आणि म्हणतो, 'तीन वर्षांचे आकडे द्या.' नाहीच मिळणार. विक्रीचे खरे आकडे, पगार, ग्राहकांची नावं बाहेर गेली तर माझी नोकरी जाते.

मागायची रीत असते. रुपये मागू नका. पहिलं वर्ष १०० धरा आणि पुढची वर्षं त्या हिशोबाने द्या म्हणा. नावांऐवजी डीलर अ, ब, क. रिपोर्टची प्रत आधी आम्हाला दाखवीन असं लिहून द्या. आणि साहेबांचं तोंडी 'कर की' म्हणजे परवानगी नव्हे. मेल घ्या, त्यात कुठली माहिती ते लिहा, आणि मग सिनॉप्सिस टाका. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल फुकट असतो, तो न वाचता मला 'कंपनीचा इतिहास सांगा' म्हणणारी मुलं बघितली की मला खडूफळा सरांची दया येते.

उशिराचा_विद्यार्थी

दोन आठवड्यांनी धागा वर आणतोय.

ताईंचा मंत्र पाठ केला, पुढच्या जन्मी वापरीन. सरांना एका पानाचा मेसेज टाकला, शेवटी एकच प्रश्न. चाळीस मिनिटांत उत्तर: 'चालेल. पण उधारी इंग्रजीत नीट लिहा.'

आधी सहा दुकानांत नुसता बोलायला गेलो, दुपारी. रिकाम्या हाताने उभं राहायला लाज वाटते म्हणून प्रत्येक ठिकाणी एक काडेपेटी घेतली. मिरजेलाही जाऊन आलो, @पेठेतला यांच्या बाबांनी वही दाखवली, त्या 'फोनवर आले' रकान्यात एका ओळीत नुसतंच '१५०, कोण?' लिहिलंय. पान रिपोर्टात टाकायची परवानगी मागितली तर म्हणाले, 'नावं झाक आणि टाक.'

प्रश्नावली नवी केली. १४ प्रश्न, मराठीत, कागदावर, मीच विचारतो आणि मीच टिक करतो. 'पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ' हे गल्ल्यासमोर चालतच नाही. मी वाचून दाखवलं की माणूस म्हणतो, 'बरं हाय की.' आता 'बरं हाय' तीन की चार?

आकडेमोडे

लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती पट्टी मांडली तेव्हा 'बरं हाय'ची सोय केली नव्हती खरी.

मत विचारू नका, घडलेलं विचारा. 'यूपीआयमुळे वसुली सुलभ झाली असे वाटते का' याऐवजी 'गेल्या महिन्यात उधारीवाल्यांपैकी किती घरांनी फोनवर पैसे टाकले? कुणीच नाही, निम्म्याहून कमी, निम्म्याहून जास्त, सगळ्यांनी.' याचं उत्तर माणूस वही बघून देतो.

एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत. 'जलद व सुरक्षित' असं विचारलं तर जलद वाटतं पण सुरक्षित वाटत नाही अशा माणसाने काय करायचं?

क्रोनबाख अल्फाच्या (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याच्या) मागे कुणी लावलं तर सांगा, तो एकाच गोष्टीबद्दलची अनेक विधानं असतील तेव्हा काढतात. तुमच्या घडलेल्या गोष्टींच्या प्रश्नांना त्याचं काम नाही. काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी) करणार असाल तर कोष्टकातल्या घरांत अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली गेली की गट एकत्र करा. आकडेवारीसाठी एसपीएसएस हे सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, तसलंच जामोवी फुकट आहे. सगळं एक्सेलच्या पिव्हट टेबलातही होतं.

झेरॉक्सनगर

मान्य, वाचताना मजा येतेय. काडेपेट्या किती झाल्या?

उशिराचा_विद्यार्थी

शेवटची खबर देतो. काल व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाली.

तीन रस्त्यांवर १४२ दुकानं मोजली, दर दुसरं धरलं, ७१. त्यातल्या ५२ जणांनी उत्तरं दिली, १९ जण नाही म्हणाले. नाही म्हणणाऱ्यांचं एक वेगळं कोष्टक केलं: 'नोटीस येईल', 'मालक नाहीत', 'वेळ नाही', आणि एका आजींचं 'लेकाला विचार, मला फोन कळत नाही'. सरांना ते पान काढून टाकावंसं वाटत होतं, नमुना कमी दिसतो म्हणून. मी ठेवलं. रिपोर्ट ५८ पानांचा झाला, वर्गात सगळ्यात बारीक.

एक्स्टर्नलने निष्कर्ष उघडलेच नाहीत. नकाराच्या पानावर थांबले, मग वहीच्या फोटोवर. 'हे १५० कुणाचे निघाले?' म्हणाले. मला माहीत नव्हतं. म्हणालो, विचारून सांगतो. हसले. श्रेणी अजून कळायचीय.

काडेपेट्या अठ्ठावन्न. आई म्हणते, पुढच्या प्रोजेक्टला तूरडाळ घेत जा.

पेठेतला

बाबांना आत्ताच विचारलं. ते १५० अजून कुणाचे ते कळलेलं नाही, पान तसंच आहे.